रविवारची वाटी

खाणावळीच्या हिशेबात रविवार दुपारचं जेवण वेगळं धरावं लागतं. त्या रात्री खाणावळ बंद असते, म्हणून दुपारी सगळे सावकाश, पोटभर जेवतात आणि ताटात काहीतरी गोड असणार हे धरूनच येतात. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी मी खाणावळ चालवते. सत्तर-ऐंशी मेंबर असतात. बहुतेक मराठवाड्यातले, खानदेशातले, विदर्भातले, थोडे सोलापूर-सांगलीकडचे. घरून येणारे पैसे पिकावर अवलंबून. सोयाबीनचा भाव पडला की आमच्या महिन्याच्या जेवणाच्या कार्डांचे पैसे पुढच्या पंधरवड्यात जातात. अशा घरांतून आलेल्या मुलांकडून महिन्याला जे घ्यायचं, त्यातच रविवारचं गोडही बसवायचं असतं.

चक्का आणून श्रीखंड केलं तर त्या आठवड्याच्या भाजीला कात्री लागते. गुलाबजामला दोन माणसं सकाळभर कढईपुढे अडकतात आणि तेवढ्या वेळात पोळ्या मागे पडतात. म्हणून वर्षातले निम्म्याहून जास्त रविवार माझ्याकडे फळांच्या गोडाचे असतात. शिकरण, फ्रूट कस्टर्ड, केळं घातलेला शिरा, मे महिन्यात परवडला तर एखादा आमरस. साखर, रवा, वेलदोडे, जायफळ, कस्टर्ड पावडर, बेदाणे, काजूचे तुकडे हे सगळं कोठीत बारा महिने असतंच. बाहेरून यायचं ते दूध आणि फळ.

हे सगळे पदार्थ सोपे आहेत. घरात चार वाट्या करायच्या असतील तर बोलता बोलता होतात. पण स्वस्त आणि सोपं म्हणून मी त्यांच्याकडे कधी दुर्लक्ष करू शकले नाही. बासुंदीत किंवा गुलाबजामात थोडं कमीजास्त झालं तर तूप, केशर, पाक सांभाळून घेतात. शिकरणात दूध, केळं, साखर आणि वेलदोडा, एवढंच असतं. केळं कच्चट असेल तर ते कशाखाली झाकायचं? म्हणून या गोडाचं निम्मं काम मंडईतच होतं, असं मी मानते.

केळं बघायला मला एका मेंबरनं शिकवलं. रावेर तालुक्यातला मुलगा, घरची केळीची बाग. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा हा सगळा केळीचा पट्टा. त्याच्याकडे घड, फणी, कांदेबाग, मृगबाग हे शब्द सहज बोलण्यात येत. एका शनिवारी मी आणलेल्या फण्या त्यानं ओट्यावर पाहिल्या, एक केळं हातात घेऊन हलकं दाबलं आणि म्हणाला, "काकू, साल पिवळी आहे, पण आतून हे अजून पिकलेलं नाही. उद्या दुधात घातलंत तर करकर लागेल." सोलून पाहिलं तर तसंच होतं. मग त्यानं नीट सांगितलं. बागेतून केळं हिरवंच उतरतं, ते पिकतं नंतर. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू देऊन, थंडावा राखून चार-पाच दिवसांत पिकवतात. हे रीतसर आणि चांगलं पिकवणं. घाई करणारे कॅल्शियम कार्बाइड वापरतात, त्याला कायद्यानं बंदी आहे. कार्बाइडनं साल लवकर पिवळी होते, पण गर मागेच राहतो. कच्च्या केळ्यात साखर जवळजवळ नसते, स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते. साल पिवळी झाली म्हणजे आतलं हे काम पुरं झालं असं नाही. सालीवर बारीक तपकिरी ठिपके आले की ते झालं असं समजायचं.

तेव्हापासून मी केळी शुक्रवारीच घेते. टोकाशी किंचित हिरवी असलेली, घट्ट फणीची. घरी आणून दोरीनं टांगते, कारण एकावर एक रचली की खालची दबतात आणि डागाळतात. शनिवारी रात्री ठिपके दिसायला लागतात. रविवारी सकाळी केळी अशी असतात की सुरी लागताच काप पडतो, पण काप मोडत नाही. ठिपके जास्त पसरून साल काळवंडलेली केळी शिकरणाला घेत नाही, ती शिऱ्याला जातात. त्यांचा गोडवा सगळ्यात जास्त असतो आणि शिऱ्यात ती विरघळलेलीच हवी असतात. विक्रेता अशी केळी अर्ध्या भावात देतो. ती मी आनंदानं घेते.

केळ्याच्या जातीबद्दल माझं ठाम मत आहे. आज बाजारात बहुतेक केळं ग्रँड नैन, म्हणजे ज्याला सगळे जी-नाइन म्हणतात ते. मोठं, एकसारखं, कापायला सोयीचं. पण शिकरणाची खरी चव वेलची केळ्याची. लहान, पातळ सालीचं, थोडं आंबूस आणि सुवासिक. ते महाग पडतं आणि सोलायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून मी मिसळते: काप जी-नाइनचे आणि त्यात चार-पाच डझन वेलची केळी कुस्करून. कुस्करलेलं केळं दुधाला दाटपणा देतं, सुवास देतं, आणि कापही दाताखाली येतात. मुलं विचारतात, काकू इसेन्स घातला का? घातलेला नसतो.

शिकरणाचा क्रम मी कधी मोडत नाही. दूध आदल्या रात्री तापवायचं, गरम असतानाच त्यात साखर विरघळवायची, गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वेलदोड्याची पूड. साखर वरून घातली की ती केळ्याला पाणी सोडायला लावते, आणि पंगतीच्या शेवटच्याला तळाची साखर मिळते. लिटरला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर साखर मी घालत नाही. बाकीचा गोडवा केळ्यानं द्यायचा. आणि केळी शेवटी. चिरलेल्या केळ्याला हवा लागली की गरातल्या एका एन्झाइममुळे ते तपकिरी पडायला लागतं. सफरचंदाचं होतं तेच. काप थेट दुधात पडले तर हवा कमी लागते आणि ते बराच वेळ पांढरे राहतात. म्हणून आमच्याकडे परातीत केळी चिरून ठेवणं नाही. पातेल्यावर हात धरून, सुरीनं सरळ दुधात काप पाडायचे.

खाणावळीत जेवणं साडेअकरापासून दोनपर्यंत चालतात. साडेअकराला केलेलं शिकरण दोन वाजता वाढलं तर ते काळसर आणि थोडं कडसर लागतं. अभ्यासिकेतून उशिरा उठणारे उशिरा जेवायला येतात. शास्त्री रस्त्यावरच्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी सहाला जागा पकडलेला मुलगा दोनला येतो, आणि ज्यानं जास्त वेळ काढला त्यालाच शिळकं मिळावं हे मला पटत नाही. म्हणून आम्ही तीन घाण्यांत करतो. दूध एकदम तयार, केळी तीनदा. माझ्यासोबत काम करणाऱ्या मावशींचा हात इतका बसलेला आहे की दहा-बारा मेंबर ताटावर बसेपर्यंत त्यांची एक फणी संपलेली असते.

काहींच्या घरी दूध आणि फळ एकत्र खात नाहीत. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळं हा विरुद्ध आहार सांगितलेला आहे, आणि त्यावर मनापासून विश्वास असलेल्या आजीच्या हाताखाली वाढलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांच्या वाटीत केळ्याचे काप, चमचाभर साजूक तूप आणि पिठीसाखर. तेही गोडच आहे, आणि पोळीशी फार छान लागतं.

कस्टर्डची गोष्ट वेगळी. ते आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातलं नव्हे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं १८३७ साली पहिल्यांदा बिनअंड्याचं कस्टर्ड केलं, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिला, एवढ्यावर ते उभं आहे. बायकोसाठी केलेली ती युक्ती आपल्याकडच्या शाकाहारी घरांत इतकी रुजली की आता लग्नाच्या पंगतीतही फ्रूट सॅलड म्हणून तेच येतं. वाइकफील्ड ही कंपनी तर पुण्याचीच. त्यांचा कस्टर्डचा डबा माझ्या आईच्या कोठीतही होता. पाहुणे अचानक आले की दूध चुलीवर चढायचं आणि तो डबा खाली यायचा.

घरात कस्टर्ड बिघडलं तर ते फार तर दाट होतं. आठ लिटरचं बिघडलं तर गाठी गाळून काढण्यात सकाळ जाते. पावडर नेहमी गार दुधात कालवायची. गरम दुधात टाकली की प्रत्येक कणाभोवतीचा स्टार्च लगेच फुगतो, आतलं पीठ कोरडं राहतं आणि गाठ होते. मग कितीही ढवळा. लिटरला तीन मोठे चमचे मी सपाट धरते, डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा किंचित कमी. दुधाला उकळी आली की गॅस मंद करून कालवण धारेनं सोडायचं, दुसऱ्या हातानं डाव तळापर्यंत फिरवत राहायचा. दाट झाल्यासारखं वाटलं तरी आणखी दोन-तीन मिनिटं शिजू द्यायचं, नाहीतर कच्च्या पिठाची चव जिभेवर राहते. आणि पातळ असतानाच उतरवायचं. गार होताना स्टार्च आणखी आळतो. पातेल्यात हवं तितकं दाट झालं तर वाटीत त्याची वडी पडते.

गार करणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग. पातेलं पाणी भरलेल्या घंगाळात ठेवायचं, पाणी दोनदा बदलायचं, अधूनमधून ढवळायचं म्हणजे साय धरत नाही. साखर मी दोन टप्प्यांत घालते. गरम असताना जे पुरेसं गोड लागतं ते गार झाल्यावर कमी लागतं, कारण थंड पदार्थाचा गोडवा जिभेला उशिरा आणि कमी कळतो. पण लगेच साखर वाढवायची नाही. आधी फळं घालायची, पंधरा मिनिटं थांबायचं, मग चाखायचं. द्राक्षं तासगावची, चांगली पिकलेली असतील तर कधीकधी पुढची साखर लागतच नाही. फळाची चव घेतल्याशिवाय साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही, ही माझी एकच सक्ती आहे, आणि नव्यानं आलेल्या प्रत्येक मदतनिसाला मी ती पहिल्या दिवशी सांगते.

कोणतं फळ चालतं आणि कोणतं नाही, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. केळं, सफरचंद, चिकू, द्राक्षं, डाळिंब हे आपलेच. डाळिंबाचे दाणे वाढताना वरून, नाहीतर सगळं गुलाबी होतं. सफरचंद चिरून मिठाच्या पाण्यात बुडवून काढलं की काळं पडत नाही. संत्रं-मोसंबं दुधात नको, आंबटपणानं ते फाटतं. आणि कच्चं अननस तर अजिबात नाही. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि तासाभरात सगळं कडू होतं. अननस घालायचंच असेल तर आधी साखरेत उकळून घ्यायचं. उष्णतेनं ते एन्झाइम निकामी होतं. पपईतही तसंच काहीसं आहे, म्हणून पपई मी नुसती फोडी करून देते.

सीताफळाचं काय करायचं यावर माझं आणि मावशींचं अजून एकमत झालेलं नाही. पावसाळा सरताना पुरंदरकडून सीताफळ येतं, भाव उतरतो, आणि त्या गराइतकं दुधाला शोभणारं दुसरं फळ मला माहीत नाही. पण बिया! सत्तर माणसांच्या वाट्यांसाठी बिया काढायला तीन जणींची दुपार जाते. मावशी म्हणतात, एवढ्या वेळात पुरणपोळी होईल. त्यांचं खरं आहे. तरी मी वर्षातून एकदा सीताफळाचं करतेच, आणि त्या दिवशी बिया काढायला काही मुली आपणहून ओट्यापाशी येऊन बसतात. परीक्षेचं, कटऑफचं, रखडलेल्या जाहिरातीचं बोलणं चालू असतं आणि हात गरात. पुस्तकापासून लांब बसलेल्या त्या मला तेवढ्याच वेळी दिसतात.

मार्च २०२० मध्ये २५ तारखेपासून टाळेबंदी लागली, तेव्हा बरेचसे मेंबर गावी निघून गेले होते, काही अडकले. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन राहणारी मुलं, खोलीत गॅस ठेवायला परवानगी नाही. मी डबे करून देत होते. दूध रोज येत होतं, द्राक्षाचे शेतकरी गाड्या भरून सोसायट्यांच्या दारात येत होते, कारण त्यांचा माल जायला दुसरी वाट नव्हती. केळी मिळत होती. पण किराण्याच्या दुकानात कस्टर्ड पावडर संपली आणि ती लवकर येण्यातली नव्हती. मग मी कोठीतली तांदळाची पिठी काढली. लिटरला दोन मोठे चमचे पिठी गार दुधात कालवून, तशीच धारेनं सोडून शिजवली, व्हॅनिलाच्या जागी जायफळ उगाळून घातलं आणि गार झाल्यावर द्राक्षं-केळी. ते मला डब्यातल्या पावडरीच्या कस्टर्डपेक्षा जास्त आवडलं. थोडं रवाळ, दुधाची चव पुढे आणि रंग दुधाचाच. तेव्हापासून मी पावडर कमी आणते.

त्या दिवसांत मुलांनी खोलीत स्वतः काय करावं हेही मला सांगावं लागलं, कारण डबा दिवसातून एकदाच पोचवता येई. चूल न लागणारं, पोटाला आधार देणारं आणि गोड. दूध-पोहे सांगितले: पातळ पोहे, गार दूध, किसलेला गूळ, केळ्याचे काप. कोकणात दिवाळीला करतात ते. गूळ गरम दुधात घालायचा नाही, दूध फाटतं, हे मी दोनदा बजावलं. कोणाकडे दूध नसेल तर केळं कुस्करून त्यात शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. नांदेडकडचा एक मुलगा त्यात भिजवलेले बेदाणेही घालायला लागला आणि त्यानं शेजारच्या दोन खोल्यांना ते करून घातलं. मे महिन्यात एसटीनं तो गावी गेला. तिथून त्यानं फोन करून सांगितलं की घरी आई विचारते, हे तुला कोणी शिकवलं.

केळ्याच्या शिऱ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेक घरांत सत्यनारायणाच्या निमित्तानं होतोच आणि प्रत्येकाला आपल्या आईचाच बरोबर वाटतो. आमच्याकडे तो निकालाच्या दिवशी होतो. कोणी पास झालं तरी होतो आणि कोणीच झालं नाही तरी होतो. हे मी पहिल्यापासून ठरवून ठेवलं आहे. पूजेला रवा, तूप, साखर सारखं घेतात. खाणावळीत तूप निम्मं होतं, पण रवा भाजण्यात मी कसूर करत नाही. मंद आचेवर, तुपात, रंग फार न बदलता खमंग वास येईपर्यंत. काळी केळी कुस्करून भाजलेल्या रव्यातच परतायची, म्हणजे केळ्याचा कच्चट वास जातो आणि गोडवा रव्यात उतरतो. मग उकळतं दूध. साखर सगळ्यात शेवटी, रवा पूर्ण फुलल्यावर. आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते आणि रवा कचकचीत राहतो. केळ्यामुळे साखर पाऊण पटच लागते.

निकालाच्या दिवशी शिरा वाढताना मी ओगराळं मावशींच्या हातात देत नाही. स्वतः वाढते. ज्याचं झालं नाही त्याला काय बोलावं हे मला अजून नीट सुचत नाही, पण त्याच्या वाटीत दुसऱ्यांदा वाढायला मी थांबते. तोही बहुतेक वेळा नको म्हणत नाही.

गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. मुली विशेषतः विचारतात, काकू, साखर न घालता करता का? वय पंचवीसच्या आत, दिवसभर बसून अभ्यास, झोप कमी. त्यांच्या वाट्या मी आता वेगळ्या काढते. शिकरणात साखरेऐवजी खजूर दुधात भिजवून वाटून घालते, आणि वेलची केळी जास्त. खर्च थोडा वाढतो. पण त्या वाट्या इतरांनीही मागायला सुरुवात केली, तेव्हा मी पूर्ण पातेलंच तसं करून पाहिलं. खजुरानं रंग जरा मातकट येतो आणि पाहिल्यावर काहींची निराशा होते. खाल्ल्यावर होत नाही. सध्या एकाआड एक रविवार तसं चाललं आहे.

परवा एका जुन्या मेंबरचा फोन आला. ती आता विदर्भात मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल आहे. १५ ऑगस्टला शंभर मुलींना गोड द्यायचं, बजेट तुटपुंजं, स्वयंपाकाला दोनच बायका, आणि फ्रिज लहान. तिनं विचारलं, काकू, आपलं शिकरण जमेल का? मी हिशेब लिहून घ्यायला सांगितलं. दूध दहा लिटर, आदल्या संध्याकाळी तापवून, साखर सहाशे ग्रॅम त्यातच विरघळवून. फ्रिजमध्ये मावत नसेल तर पातेलं पाण्याच्या टोपात, ओलं फडकं गुंडाळून, खिडकीच्या वाऱ्याला, आणि पहाटे उठून एकदा उकळून पुन्हा गार, कारण ऑगस्टमध्ये रात्रीतून दूध नासू शकतं. केळी दहा डझन, १३ तारखेला घे, टोकाशी हिरवी बघून. वेलदोडे वीस-पंचवीस, साखरेच्या चिमटीबरोबर कुटलेले. झेंडावंदन संपून मुली हात धुवायला गेल्या की मग केळी सोलायला घ्यायची, त्याआधी नाही. आठवी-नववीतल्या सहा मुली सोलायला बसव, दोघी बायकांनी थेट पातेल्यात कापायची.

"आणि ठिपके आले नाहीत तर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मग शिकरणासाठी एक दिवस थांब, आणि १५ तारखेला त्यांना साधा शिरा दे.